खाजनातल्या पोंयीत मोठा चोणक: ल्युअर कोणते निवडावे?

बांधावरचा

नमस्कार. गोव्यात तिसवाडीत कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला माझ्या मामांचे खाजन (बांध घालून खाडीपासून राखलेली भातजमीन) आहे. कोरगुट भाताची कापणी झाली की मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) खारे पाणी आत घेतात आणि पुढे पाऊस सुरू होईपर्यंत पोंय (खाजनातले तळे) व तिला जोडलेले चर भरलेले राहतात. यंदा मानशीची पावणी (लिलावात घेतलेला मासेमारीचा हक्क) मामांकडेच असल्यामुळे गळ टाकण्याच्या परवानगीचा प्रश्न नाही. पोंय बहुतेक ठिकाणी कमरेइतकी खोल आहे. मानशीच्या दारासमोर मात्र पाण्याच्या ओढीने खड्डा पडला असून तिथे दीड पुरुष तरी पाणी असते. एका काठाला कांदळाची (खारफुटीची) मुळे पाण्यात उतरली आहेत, तर समोरच्या बाजूला दगड रचलेला बांध आहे.

या पाण्यात मोठे चोणक (खाडीतला शिकारी मासा, इंग्रजीत एशियन सीबास) आहेत यात शंका नाही. संध्याकाळी शेवटे या लहान माशांचा थवा काठाला सरकतो, एकाएकी पाण्याखालून पोकळ, दणकट आवाज येतो, शेवटे चहूकडे उडतात आणि क्षणभर एक रुंद, काळपट पाठ दिसते. माझ्या ल्युअरला (कृत्रिम आमिषाला) मात्र लागतात ते पाव-अर्ध्या किलोचे चोणक आणि वीतभर तामसो मासे. मोठा मासा कधी आलाच तर ल्युअरच्या मागे काठापर्यंत येतो, वळतो आणि निघून जातो.

ल्युअरविषयी मी आजवर जे वाचले, ते जवळजवळ सगळे अमेरिकेतल्या शेततळ्यांमधील लार्जमाउथ बास या माशाविषयी आहे. त्यात प्लास्टिकच्या लांब गांडुळापासून पोकळ बेडकापर्यंत सगळ्यांची शिफारस असते. त्यातले आपल्या पोंयीत काय उपयोगी पडते आणि काय बाजूला ठेवावे? मोठ्या माशासाठी ल्युअर मोठेच हवे का? आणि रंगाला खरोखर किती महत्त्व द्यावे? सगळे प्रकार विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून तीन-चारच घ्यायची झाली तर कोणती घ्यावीत, हेही अनुभवी मंडळींनी सांगावे.

साळकाठ

आपण पाण्याचे वर्णन नेमके केले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझी गरी बहुतेक असोळणा-चिंचोणे भागातल्या पोंयींत पडते आणि तिथली रचना आपल्या पोंयीसारखीच आहे.

बासविषयीचे लेखन वाचू नये असे मी म्हणणार नाही, पण तो मासा कसा जगतो हे लक्षात ठेवून ते वाचावे. लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला. तो तळ्यातच वाढतो आणि वसंतात पाणी साधारण 16 ते 24 अंश सेल्सिअसच्या दरम्यान आले की काठालगत घरटे करून तिथेच अंडी घालतो, म्हणून तिकडचे लोक पाण्याचे तापमान पाहून ऋतूप्रमाणे ल्युअर बदलतात. चोणकाचे तसे नाही. तो अंडी घालतो नदीच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात, त्याची पिल्ले भरतीबरोबर खाडीत आणि मानशीतून खाजनात शिरतात, आणि पोंयीत अडकलेला मासासुद्धा दिवसाचा वेळ भरती-ओहोटीवरच मोजतो. बाहेर ओहोटी लागून मानशीचे दार पाण्याच्या दाबाने उघडले की पोंयीतले सगळे पाणी दाराकडे ओढले जाते, त्याबरोबर सुंगटे (कोळंबी) आणि बारीक मासळी त्या ओढीत सापडते, आणि मोठा चोणक ओढीच्या मध्यभागी नव्हे, तर तिच्या कडेला, जिथे पाणी संथ फिरते तिथे तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो. आपले ल्युअर त्या कडेवरून गेले पाहिजे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ही ओढ जोरदार असते. भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीच्या) दिवसांत ती इतकी मंद असते की त्या वेळी मी दाराऐवजी कांदळाच्या मुळांकडे वळतो.

आता आपल्या मुख्य अडचणीकडे येतो. मोठा मासा मागे येतो आणि वळतो, याचा अर्थ त्याला ल्युअर दिसले, आवडले, पण ते तोंडात घेण्याची वेळ त्याला मिळाली नाही. चोणक दातांनी तोडत नाही. तो तोंड एकदम उघडून भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो. आपण ऐकता तो पोकळ आवाज त्याचाच आहे. अशा माशाला भक्ष्य एका जागी क्षणभर थांबलेले हवे असते. लहान चोणक आणि तामसो धावत्या ल्युअरवर झडप घालतात, कारण त्यांच्यात चढाओढ असते. मोठा मासा एकटा असतो आणि त्याला घाई नसते. म्हणून मोठ्या चोणकासाठी ल्युअर निवडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो असा: ओढणे थांबवले की हे ल्युअर कुठे असते? वर येते, तळाला जाते, की आहे तिथेच लोंबकळते?

कमरेइतक्या पाण्यात माझी पहिली पसंती पाण्यात स्थिर राहणाऱ्या जर्कबेटला आहे, म्हणजे ज्याला पुढे छोटी जीभ असते आणि जे अर्ध्या ते एक मीटर खोलीवर चालते. लांबी 9 ते 12 सेंटीमीटर. दोन हलके झटके द्यावेत आणि मग हात आवरावा: तीन, चार, कधी पाच सेकंद. झटक्यांनंतर दोरी किंचित सैल सोडणे महत्त्वाचे, कारण ताणलेल्या दोरीने ल्युअर पुढे घसरत राहते. मोठे चोणक जवळजवळ नेहमी या थांबण्याच्या वेळीच घेतात.

दुसरे, चपट्या शेपटीचे मऊ प्लास्टिक, चार-पाच इंचांचे, ज्याचा हुक प्लास्टिकच्या पाठीत लपवता येतो. कांदळाच्या मुळांत टाकायला याच्याइतके निर्धास्त दुसरे काही नाही. वजन सात ग्रॅमच्या आसपास ठेवावे. जड केले की ते उथळ पाण्यात दगडासारखे बसते. बासची लांब गांडुळे इथे फारशी कामाची नाहीत. त्याऐवजी तीन इंची रबरी सुंगट घेतले आणि तळावरून हलकेच उचलत, ठेवत आणले, तर खाजनातला मासा ते चटकन ओळखतो.

पोकळ बेडूक मी गोड्या तळ्यांतल्या मरळीसाठी राखून ठेवतो. पाण्यावर शेवाळाचा किंवा पानांचा थर असेल तिथे त्याला तोड नाही, पण आपल्या पोंयीला असा थर असल्याचे आपण लिहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या मते ल्युअरच्या निवडीइतकीच मोलाची आहे. बासचा जागतिक उच्चांक साधारण 10 किलोचा आहे: 1932 मध्ये जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडलेला आणि 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात मनाबु कुरिता यांनी पकडलेला. चोणकाने 10 किलो ओलांडणे ही मात्र नवलाची गोष्ट नाही. बाससाठी बनवलेल्या ल्युअरवरचे बारीक तारेचे ट्रेबल (तीन टोकांचे) हुक मोठा चोणक सरळ करून टाकतो, आणि कधी कधी त्याच्या जबड्याच्या दाबाने ते चेपून निघतात. ल्युअर विकत आणले की पहिले काम हुक आणि त्यांना धरणाऱ्या कड्या काढून तीनपट मजबुतीच्या बसवणे. चोणकाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते, म्हणून 40 ते 60 पौंडांचा दोन-तीन फुटी लिडर (ल्युअरआधीची जाड दोरी) हवाच. ल्युअर बांधताना घट्ट आवळलेल्या गाठीऐवजी लहानसा फास ठेवणारी गाठ मारावी, म्हणजे जाड लिडर असूनही ल्युअर मोकळे हलते.

रात्रपाळी

साळकाठ यांच्या थांबण्याच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे. रंगाबद्दल त्यांनी लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो, कारण माझी बहुतेक मासेमारी दिवस मावळल्यानंतरची असते.

दुकानात दिसणाऱ्या पन्नास रंगांपैकी खाजनासाठी तीन पुरेत. पाणी निवळ असेल तर शेवट्यासारखा रुपेरी, पाठ हिरवट-करडी. ओढीने गढूळ झालेल्या चहाच्या रंगाच्या पाण्यात सोनेरी किंवा पिवळट. आणि रात्रीसाठी काळा. अंधारात चोणक खालून वर पाहतो आणि आकाशाच्या फिक्या उजेडावर काळी आकृतीच सर्वांत ठळक दिसते, हे पुष्कळांना पटत नाही, पण करून पाहावे. त्याचे डोळे विजेरीच्या प्रकाशात लालबुंद चमकतात. मंद उजेडात पाहण्यासाठीच ते घडलेले आहेत. म्हणून पोंयीवर विजेरी मारत फिरू नये, डोक्याला लावलेला दिवा पाठ वळवून गाठ मारण्यापुरताच पेटवावा.

संध्याकाळी शेवटे उडतात असे आपण लिहिले आहे. त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी पाण्यावर डावी-उजवीकडे झुलत चालणारे काडीसारखे ल्युअर जवळ ठेवा. पाण्यावर आवाज करणारा पॉपरही चालतो, पण शांत उथळ पाण्यात त्याचा मोठा आवाज मला नडताना दिसला आहे. मासा पाण्यावर फुटला की लगेच हिसका मारू नये. त्याचे वजन दोरीवर जाणवेपर्यंत ओढ तशीच चालू ठेवावी आणि मगच रॉड उचलावा.

कुंभारजुवे कालव्याच्या बाजूला मगरी आहेत हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी लिहितो. मासा उतरवण्यासाठी पाण्यात पाय घालू नका, लांब दांड्याची जाळी वापरा, आणि रात्री बांधावर एकट्याने जाऊ नका.

तळ्याकाठी

मी बार्देशात निमखाऱ्या पाण्याच्या तळ्यात चोणक वाढवते, म्हणून गळाच्या बाजूने नाही, तर माशाच्या बाजूने चार गोष्टी सांगते.

ल्युअरच्या आकाराविषयी आपण विचारले आहे. चोणकाची बोटुकली वाढवताना आम्हाला ठरावीक दिवसांनी त्यांची आकाराप्रमाणे निवड करून वेगवेगळ्या हौदांत ठेवावे लागते, कारण थोडे मोठे झालेले पिल्लू आपल्या निम्म्या लांबीहून मोठ्या भावंडाला सहज गिळते. यावरून दोन गोष्टी कळतात. हातभर माशाला 12 किंवा 15 सेंटीमीटरचे ल्युअर मुळीच मोठे नाही. आणि मोठे ल्युअर लावले म्हणून लहान मासे दूर राहतील असेही नाही, फक्त त्यांची संख्या कमी होईल. मी आकार ठरवताना माशाच्या मापापेक्षा त्या दिवसांत तळ्यात काय फिरते आहे ते पाहीन. पोंयीत शेवटे वीतभर झाले असतील तर तेवढे, आणि पाणी नुकतेच आत घेतले असून बारीक सुंगटांचाच सुकाळ असेल, तर मोठा चोणकसुद्धा दिवसभर सुंगटेच खात असतो. अशा वेळी मोठे ल्युअर त्याच्यासमोरून नेले तरी तो बघत राहतो.

पाण्याच्या तापमानाचा परिणाम आमच्या खाद्याच्या हिशोबात स्पष्ट दिसतो. पाणी 26 ते 30 अंश असते तेव्हा मासा झडझडून खातो. डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या गारव्याने उथळ पाणी थंडावते, तेव्हा सकाळी तो खाद्याकडे पाहतही नाही आणि दुपार टळल्यावर जागा होतो. त्या महिन्यांत पहाटे उठून बांधावर जाण्यापेक्षा चार वाजता जावे. उलट एप्रिल-मे महिन्यांत पहाटेच्या वेळी पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेत असतील, तर त्या दिवशी गळ टाकूच नये, कारण झुंजीने थकलेला मासा सोडला तरी जगत नाही.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जवळची आहे. चोणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी, साधारण 80 सेंटीमीटर ते एक मीटर लांबीचा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे आपल्या पोंयीतली ती रुंद पाठ बहुधा मादीची आहे. भारतात या माशाचे बंदिस्त प्रजनन चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीव पालन संस्थेने 1997 मध्ये साधले आणि आज आमच्यासारख्यांना हॅचरीचे बीज मिळते. खाजनात येणारे बीज मात्र खाडीतल्या अशाच थोड्या माद्यांकडून येते. दोन-तीन किलोचा मासा घरी न्यावा, जरूर खावा. ती मोठी मादी लागली, तर तिला जबड्याला धरून उभी लोंबकळवू नका; पोटाखाली हात देऊन आडवी धरा, फोटो काढा आणि शक्य असल्यास बांधाच्या पलीकडे कालव्यात सोडा.

रात्रपाळी

ताई, आपल्या शेवटच्या मुद्द्यावर माझे थोडे वेगळे मत आहे. मानशीची पावणी पैसे मोजून घेतलेली असते. पोंयीतला मोठा मासा हे त्या कुटुंबाचे उत्पन्न आहे, आणि पावसाआधी पोंय उपसताना तो जाळ्यात निघणारच आहे. खुल्या खाडीत मासा सोडण्याबद्दल मी आपल्याशी एकमत आहे, पण इथे निर्णय मामांचा असावा असे वाटते.

तळ्याकाठी

निर्णय त्यांचाच, हे मान्य. मी फक्त एवढेच म्हणेन की असा एक मासा विकून येणारी रक्कम आणि त्याच मादीने एका हंगामात घातलेली लाखो अंडी, या दोन्ही गोष्टी मामांसमोर ठेवून मग त्यांना विचारावे. मानशीवर जगणारी माणसे हा हिशोब आपल्यापेक्षा चांगला जाणतात.

बांधावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, मामांशी बोललो. मोठी मादी कालव्यात सोडायला त्यांची हरकत नाही, दोन किलोपर्यंतचे घरी आणावेत असे ते म्हणाले.

दोन शंका उरल्या आहेत. मानशीसमोरच्या खड्ड्यात जर्कबेट तळापर्यंत पोचत नाही. तिथे बुडणारे, जीभ नसलेले, थरथरणारे वाइब ल्युअर वापरावे का? खाली जुन्या दाराच्या फळ्या पडलेल्या आहेत, त्यात ते अडकेल अशी भीती वाटते. दुसरे असे, की घरी असलेले जर्कबेट स्थिर राहणारे आहे असे डबीवर छापले असूनही पोंयीत थांबवल्यावर ते सावकाश वर येते. ते सदोष आहे का?

साळकाठ

खड्ड्यासाठी वाइब उत्तम, पण फळ्यांवर नव्हे. ओहोटीत दार उघडे असताना तिथे बहुधा मामांचे जाळेही लागलेले असेल. त्या वेळी दाराच्या रेषेत ट्रेबल हुकचे काहीही टाकू नये, जाळे फाटले तर नुकसान मोठे असते. जाळे नसताना खड्ड्याच्या काठावर बाजूने उभे राहून वाइब तळाला टेकू द्यावे, फूटभर उचलावे आणि दोरी ताणलेलीच ठेवून पुन्हा खाली जाऊ द्यावे. मासा ते खाली जातानाच घेतो, आणि तेव्हा दोरी सैल असेल तर कळतही नाही. फळ्यांच्या जागी मात्र तेच चपट्या शेपटीचे मऊ प्लास्टिक, हुक लपवलेले, वजन दहा-बारा ग्रॅमपर्यंत वाढवून वापरावे. मासा लागला की पहिले काही क्षण त्याला दोरी देऊ नये, कारण तो सरळ लाकडाकडेच धावतो. आणि त्याने पाण्याबाहेर उडी मारली की रॉडचे टोक त्याच्याकडे खाली झुकवावे, म्हणजे डोके झटकताना हुक सुटत नाही.

बांधावर चालताना पावलांचा विचार करा. कमरेइतक्या पाण्यातल्या माशाला कोरड्या बांधावरची धपधप पाण्यातून जाणवते. कडेपासून दोन पावले मागे उभे राहून पहिली फेक काठाला समांतर, अगदी कडेलगत टाकावी आणि मगच मध्यभागाकडे वळावे. शेततळ्यातल्या बासच्या मासेमारीतली ही एक सवय आपल्या पोंयीला जशीच्या तशी लागू पडते.

आपले जर्कबेट सदोष नाही. अशी बरीचशी ल्युअर गोड्या पाण्यात स्थिर राहतील अशा हिशोबाने बनवलेली असतात, आणि खारे पाणी जड असल्यामुळे तेच ल्युअर त्यात वर उचलले जाते. आधी मजबूत हुक बसवा. त्यांच्या जादा वजनानेच पुष्कळदा काम भागते. तरीही वर येत असेल तर पुढच्या हुकच्या दांड्याला शिशाच्या बारीक तारेचे दोन-तीन वेढे द्या. हे घरच्या नळाच्या पाण्यात तपासू नका. पोंयीचेच पाणी बादलीत घ्या, ल्युअर हाताने बुडवून सोडा आणि ते अगदी सावकाश, नाक किंचित खाली करून थांबेपर्यंत तारेचे वेढे कमी-जास्त करा. पहिल्या पावसानंतर पोंय गोडी होऊ लागली की तीच तार सोडवावी लागेल, कारण तेव्हा तेच ल्युअर तळाकडे जाऊ लागेल.